अबोलीच्या हाराआडचा देश

पालक-शिक्षक संघाच्या सभेला मी उशिरा पोचलो तेव्हा वर्गात एकच खुर्ची रिकामी होती. बाकीचे पालक पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून, एकमेकांच्या कुशीत शिरल्यासारखे बसले होते आणि फळ्याखाली ही ऐसपैस, हात असलेली खुर्ची कुणाचीच नसल्यासारखी उभी. मला वाटलं, आज नशीब चांगलं आहे. बसलो, रुमालानं मान पुसली आणि टाळ्या वाजल्या. मी अध्यक्ष झालो होतो.

घरी येऊन सांगितलं तर बायको भात उपसता उपसता म्हणाली, "तुमी बसतास खय, ता आधी बघूक नको?"

हे बघण्याची सवय मला नव्हती. मी पाणीपुरवठा खात्यातला कारकून. गावात कुणाचा नळ कोरडा पडला की शिव्या द्यायला घरातला माणूस असावा म्हणून देवानं मला तिथं नेमलेलं. शिव्या खायची सवय असलेल्या माणसाला अध्यक्षपद जड जाऊ नये, असं सभेतल्या लोकांनी धरलं असेल. पण ही सभा शिव्यांची नव्हती. मुख्याध्यापिका बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी हळू आवाजात सांगितलं की पुढल्या जूनमध्ये पहिलीत मुलं आली नाहीत, तर आपली शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन होईल. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे त्या खुर्चीकडे.

शाळा पेडण्याच्या बाजूची, चिऱ्यांची, कौलारू. माझे वडील तिथं शिकले, मी शिकलो, आता माझी मुलगी तिसरीत होती. आमच्यासारख्या जुन्या घरांतली मोजकीच मुलं उरली होती. बाकीची मुलं बांधकामावर आणि कारखान्यात काम करायला कोल्हापूर-बेळगावकडून आलेल्या माणसांची. खरं तर शाळा चालली होती ती त्यांच्या जिवावर. गावातली उरलेली पोरं सकाळी वाडीच्या वळणावर, काजूच्या झाडाखाली टाय बांधून उभी राहत आणि पिवळी बस त्यांना म्हापशाच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाई. आमच्याकडे घरात कोकणी, शाळेत मराठी आणि बसमध्ये इंग्रजी. ज्याच्या पोराला बसमध्ये जागा मिळाली तो जिंकला, असा एक अलिखित कायदा होऊन बसला होता.

आणि ह्या कायद्याची सगळ्यात कडक वकील माझ्याच घरात होती.

"जूनमदी चेडवाक बसमदी घालूया," बायकोनं त्याच आठवड्यात सांगून टाकलं.

"मी अध्यक्ष आहे गो. अध्यक्षाचीच मुलगी गेली तर बाकीचे काय करतील?"

"तुमची खुर्ची सांभाळूक मी माझा चेडू हय ठेवू?"

ती भांडायला बोलत नव्हती. ती नार्व्याची. नदीकाठचं घर, शेती, शिकली डिचोलीला, सगळं मराठीतून आणि चांगल्या गुणांनी. लग्नाआधी पणजीला एका ऑफिसात तिला मुलाखतीला बोलावलं होतं. साहेबानं इंग्रजीत एक साधा प्रश्न विचारला. "माका उत्तर येय होता," ती सांगायची, "पण तोंड उघडूक नाय." साहेब चांगला माणूस होता, तो थांबला, पाणीसुद्धा दिलं. ते पाणी पिऊन ती बाहेर आली आणि फेरीबोटीतून घरी परतताना तिनं ठरवलं की आपल्याला पोर झालं तर ते असं पाणी पिऊन परत येणार नाही. इतक्या वर्षांत ह्या गोष्टीतला एकही शब्द तिनं बदललेला नाही. मी घरात गोष्टी सांगणारा माणूस, माझ्या गोष्टी दर वेळी वाढतात. तिची वाढत नाही, म्हणून मला तिची भीती वाटते.

"मे महिन्यापर्यंत बघतंय," ती म्हणाली. "मगे बस."

अध्यक्ष म्हणून मी पहिलं काम केलं ते एका विक्रेत्याला चहा पाजायचं. पणजीहून आलेला, उन्हातही कोट घातलेला हा गृहस्थ शाळाशाळांतून 'जागतिक शिक्षण' विकत होता. भिंतीवर मोठा पडदा लागणार, मुलं बसल्या जागी जग बघणार, जगाशी बोलणार. ऐकून मी भारावलो. मग त्यानं आकडा सांगितला. बाईंनी उठून पंखा बंद केला. हवेचासुद्धा खर्च वाटायला लागला असावा.

पुढच्या रविवारी मी हरमलला मावसबहिणीकडे गेलो. मन उदास असलं की मी तिच्याकडे जातो, कारण ती सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी फार चांगली करते आणि सहानुभूती अजिबात दाखवत नाही. समुद्राच्या बाजूला तिचं घर. वरच्या माडीवर खोल्या काढून ती पर्यटकांना देते. मी आमटी ओरपत माझं रडगाणं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक, तिचा अर्धा जीव अंगणात वाळत घातलेल्या चादरींवर होता.

"जग हाडूक इतके पैशे कित्याक रे?" ती शेवटी म्हणाली. "जग माझ्या माडयेर ऱ्हवता. सकाळी गरम पाणी मागता, सांजेक पाववाल्याची पोई खाता."

तिनं जिन्याकडे तोंड करून हाक मारली आणि जग खाली आलं. पांढऱ्या केसांची, उन्हानं लालबुंद झालेली एक म्हातारी, अंगात सैल सदरा, पायांत रबरी चपला. दर हिवाळ्यात ती ह्याच खोलीत राहायला यायची. बहिणीनं ओळख करून दिली, "ही टीचर. लहान पोरांची. आता रिटायर." मग मला म्हणाली, "सांग तिका तुजी गजाल."

मी माझ्या कार्यालयीन इंग्रजीत सांगितली. नळजोडणीच्या अर्जांवर चालणारं ते इंग्रजी, त्यात 'सदर शाळा' आणि 'उपरोक्त विषय' फार. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिच्या जुन्या शाळेत तिची एक विद्यार्थिनीच आता शिकवते. तिच्या वर्गातली मुलंसुद्धा नुकतीच इंग्रजी शिकताहेत. दोन्ही वर्ग व्हिडिओवर एकमेकांशी बोलले तर? त्याला खर्च कसला?

"कुठल्या देशात?" मी विचारलं.

"एस्टोनिया."

देश ओळखीचा असल्यासारखी मी मान हलवली. म्हातारी हसली. म्हणाली, सगळे अशीच मान हलवतात.

सोमवारी शाळेत जाऊन बाईंना सांगितलं. आम्ही दोघांनी जगाचा नकाशा उलगडला, खडूच्या भुकटीनं भरलेला, कडा खाल्लेला. एस्टोनिया कुठंच नाही. वरती डावीकडून उजवीकडे नुसता सोव्हिएत संघाचा गुलाबी रंग, समुद्राला समुद्र लागेपर्यंत. मुलं भोवती जमली. माझ्या मुलीनं भारताच्या कडेला बोट ठेवलं. "बाबा, आमी दमणाच्या रंगाचे कित्याक?"

खरंच की. नकाशा घटकराज्याच्या आधीचा, गोवा आणि दमण मिळून एकच केंद्रशासित प्रदेश होता तेव्हाचा. राज्य झालं त्या वर्षी गावात पेढे वाटलेले मला आठवतात, पण शाळेतला नकाशा बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"ह्या नकाशाप्रमाणे," बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "त्यांचा देश नाही आणि आपलं राज्य नाही. जमेल आपलं."

मग जमवाजमव सुरू झाली, आणि कबूल करायला हवं की गाव मनात आणतो तेव्हा पणजीच्या कोटवाल्यापेक्षा जास्त माल काढतो. शाळेला लागून एका निवृत्त तारवट्याचं घर होतं. आयुष्यभर जहाजावर काढलेला माणूस, त्याच्या मुली आखातात, त्यांच्याशी बोलायला त्यानं घरात चांगलं इंटरनेट घेतलं होतं. त्यानं त्याची तार जनेलातून आमच्या वर्गात सोडली. सलूनवाल्यानं त्याचा टीव्ही दिला. अट एकच, क्रिकेटच्या आधी परत. बेळगावकडचा एक गवंडी, त्याची मुलगी चौथीत होती, त्यानं भिंतीत लोखंडी कोन ठोकून टीव्ही असा बसवला की आता तो आणि भिंत एकत्रच पडतील. लॅपटॉप म्हातारीचा. तो घेऊन ती माझ्या बहिणीच्या स्कूटरवर मागं बसून येणार होती. गुरुवार ठरला. आमची दुपार, त्यांची सकाळ.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग सरपंचांना कळलं.

"परदेशातले पाहुणे येतात," ते शाळेच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "आणि नुसतं बोलणार? समई नाय? नारळ नाय?"

"पाहुणे टीव्हीत असतील," मी म्हणालो.

"मगे टीव्हीफुडे ठेवया."

एकदा नारळ आला की मान आला आणि मान आला की मानकरी आले. पहिला नारळ सरपंचांचा की देवळाच्या मानकऱ्यांचा, ह्यावर तीन संध्याकाळी गेल्या. मानकरी म्हणजे आमच्या गावचे सगळ्यात वडील गृहस्थ, उत्सवात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गावाच्या वतीनं मागणं मागतात, ते. त्यांनी सांगितलं की नवीन काम, तेव्हा गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते पुढे सरकणार नाही. शेवटी तोड निघाली. समई सरपंच लावतील, हार मानकरी घालतील, गाऱ्हाणंही तेच घालतील, मग अध्यक्षांचं भाषण. अध्यक्ष म्हणजे मी. बाईंनी एकदा विचारलं, "आणि मुलं?" सगळ्यांनी एकदम सांगितलं, "मुलं आसतलीच मां! समोर बसतली."

हार बायकोनं केला. तिचा ह्या सगळ्यावर विश्वास नव्हता, पण पाहुण्याला हार नाही ही कल्पना तिला सोसली नसती. आमच्या अंगणात नार्व्याहून तिनं आणलेली अबोलीची रोपं आहेत. तिच्या हातची अबोलीची फाती, म्हणजे केसांत माळायची माळ, अख्ख्या वाडीत मागून नेतात. ह्या वेळी तिनं फाती नाही, चांगला मनगटाएवढा जाड हार केला. सबंध सकाळ केळीच्या दोऱ्यात फुलं गुंफत ती ओट्यावर बसली होती.

गुरुवारी दुपारी वर्ग भरला. वर्ग कसला, गाव भरला. मुलं पुढं सतरंजीवर, इस्त्रीच्या गणवेशात, हात मांडीवर, श्वास रोखून. मागं आम्ही. आणि टीव्ही उजळला.

आहा! स्वेटर घातलेली, पांढऱ्या भुवयांची पोरं. त्यांच्या मागच्या जनेलाबाहेर मिट्ट काळोख. "सकाळ म्हणालेत मां?" कुणीतरी कुजबुजलं. "थय सकाळ काळीच आसता," तारवटी म्हणाला, जणू तोच ती रंगवून आला होता. समई पेटली. मानकरी पुढे झाले आणि आता हार कुणाला घालायचा, असा क्षणभर पेच पडला. टीव्ही भिंतीवर उंच. टेबलावर उघडा लॅपटॉप. त्यांनी लॅपटॉपला हार घातला आणि हात जोडले.

मनगटाएवढा हार तो. लॅपटॉपच्या वरच्या कडेवरून छान दोन्ही बाजूंनी उतरला आणि मधला गोंडा बरोबर कॅमेऱ्यावर बसला.

हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आम्ही सगळे भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होतो. टीव्हीच्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन शेंदरी झाला. मला वाटलं, सजावट असेल. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा महाराजा, आज ही आमची लेकरां सातासमुद्रापलीकडल्या लेकरांशी बोलूक बसली हत..." आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळा गाव खच्चून म्हणाला, "होय महाराजा!" कौलं हादरली. टीव्हीतली पोरं डोळे मोठे करून बघत होती. आम्हाला वाटलं, भारावली. मागं उभी असलेली म्हातारी दोन्ही हात जोरजोरात हलवत होती. आम्हीही तिला हात हलवून दाखवले.

मग माझं भाषण. मी ते इंग्रजीत लिहून आणलं होतं. विश्व हे एक कुटुंब कसं आहे, ते मी सविस्तर सांगितलं, इतकं सविस्तर की कुटुंबातल्या अर्ध्या लोकांनी जांभया दिल्या. त्यानंतर सरपंचांचे दोन शब्द, जे दोनावर थांबत नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे. आभार चालू असताना टीव्हीतून घंटा ऐकू आली. तिकडच्या बाईंनी काहीतरी म्हटलं, पोरांनी हात हलवले आणि टीव्ही काळा झाला.

"हार!" बायको ओरडली. "हार वयर बसलो मरे!"

सतरंजीवरची मुलं अजून हात मांडीवर ठेवून तशीच बसली होती. त्यांच्यातलं एकही तोंड उघडलं नव्हतं.

"बंदरात पोचलो," तारवटी म्हणाला, "भोंगो वाजवलो आणि नांगर टाकूच्या आदीच फाटी फिरलो."

घरी येताना मुलगी माझ्या पुढून चालत होती. मागं वळून म्हणाली, "बाबा, त्यांका आमी दिसूकच नाय." बायको मागून येत होती. वळणावरच्या काजूच्या झाडापाशी, बस थांबते तिथं, ती क्षणभर थांबली आणि मला कळलं की बस ठरली.

पुढचे दिवस मी ऑफिसात जास्त वेळ थांबू लागलो. लोकांच्या नळाच्या तक्रारी मी इतक्या आवडीनं कधी ऐकल्या नव्हत्या. बाई रस्त्यात भेटल्या की आम्ही हवेबद्दल बोलायचो.

मग एका दुपारी अंगणात स्कूटर थांबली. मावसबहीण, हेल्मेट हातात, घामाघूम. "वयनी खय आसा?" ती आत जाता जाता म्हणाली. माझ्याशी तिचं काम नव्हतं. मी मागोमाग गेलो. तिनं मोबाइल बायकोपुढे धरला. चित्रांचे फोटो होते, एकामागून एक. तिकडच्या मुलांनी काढलेली. सगळ्या चित्रांत एकच गोष्ट, शेंदरी फुलं. कुणी पानभर फुलं काढलेली, कुणी फुलांच्या मागून डोकावणारे डोळे. एकानं तर मोठ्या शेंदरी ढगातून तोंडं काढून ओरडणारी माणसं काढली होती.

"त्यांका ह्या फुलाचा नाव होया," बहीण सांगत होती. "आणि ती फुलां एकमेकांक जुळलेली कशी, ता बघूचा हा. टीचर म्हणता, परत बोलूया. पण मोठी माणसां कोण नको. फकत हार केल्लो तिनाच येवचा."

"मी?" बायको म्हणाली. "मी इंग्रजीत काय उलयतलंय?"

"तू कित्याक उलयतलंस? हातांनी दाखय. उलयतलीं पोरां."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघितलं.

बाईंनी म्हातारीची अट इतक्या आनंदानं अमलात आणली की मला जरा वाईटच वाटलं. दुसऱ्या गुरुवारी त्या दारातच उभ्या होत्या. सरपंच आले, त्यांना पायरीवर बसवलं. मानकरी आले, त्यांना खुर्ची दिली, पण पडवीत. मी आलो. "अध्यक्षांनीसुद्धा बाहेर," बाई म्हणाल्या. तेव्हा गावातलं सगळं मोठेपण त्या दिवशी जनेलाखाली उकिडवं बसलं होतं. तारवटी आपल्या तारेची काळजी आहे म्हणून उभा राहिला आणि आत काय दिसतं ते आम्हाला सांगू लागला. थोड्या वेळानं मला राहवलं नाही, मीही उभा राहिलो.

बायको सतरंजीवर बसली होती. पुढ्यात सुपात अबोली, केळीचा ओला दोरा, वाटीत पाणी. लॅपटॉप खाली, तिच्या हातांसमोर. शेजारी आमची मुलगी. टीव्हीत पोरांनी गर्दी केली होती आणि ह्या वेळी त्यांना आमची पोरं दिसत होती, आमच्या पोरांना ती. दोन्हीकडे नुसते खुदखुद आवाज.

बायकोनं चार फुलं उचलली, दोन इकडे, दोन तिकडे देठ करून, दोऱ्याचा फास फिरवला, ओढला. पुन्हा चार. तिची बोटं चालायला लागली की ती कुठं आहे हे विसरते. मुलगी सांगत होती, "धिस इज अबोली. नो नीडल. ओन्ली फिंगर."

टीव्हीतल्या एका दोन वेण्यांच्या मुलीनं विचारलं, "इज इट हार्ड?"

मुलगी आईकडे वळली. "आये, कठीण आसा?"

"सवय जाली की नाय," आई म्हणाली.

मुलीनं तोंड उघडलं आणि थांबली. 'सवय' तिला इंग्रजीत येत नव्हतं. मी बाहेर जनेलाचा गज धरला. बायकोची बोटं थांबली. दोऱ्याचा फास अर्धवट बोटात तसाच. ती मान वर करून मुलीकडे बघत होती, आणि मला ठाऊक होतं ती कुठं होती. ती पणजीच्या त्या ऑफिसात होती. साहेब थांबला होता.

मुलीनं आईच्या हाताकडे बघितलं, एकदा, दोनदा. मग टीव्हीकडे बघून म्हणाली, "फर्स्ट डे, हार्ड. देन... हॅण्ड नोज."

वेणीवालीनं मान डोलावली. आपल्या वर्गाकडे वळून तिच्या भाषेत तेच सांगितलं असावं, कारण ती पोरं आपापल्या हातांकडे बघू लागली. मग तिलाही पुढचा इंग्रजी शब्द सुचेना, तीही अडकली, कपाळावर हात मारून हसली. आमची पोरं हसली. कुणीच कुणाला हसत नव्हतं. दोन्हीकडचं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे शर्यत नव्हती, नुसती सोबत होती.

बायकोनं फास ओढला. बोटं परत चालू झाली. मी गज सोडला तेव्हा तळहातावर गंजाचा पट्टा उठला होता.

आईनं मुलीमार्फत विचारलं, "समजला?" आणि टीव्हीतला सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "होय महाराजा!"

गेल्या वेळी फुलाआडून ऐकलेल्यातलं तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं, आणि आपल्याकडे 'हो' म्हणायची हीच रीत, असं त्यांनी धरलं होतं. पडवीत मानकऱ्यांनी हळूच टोपी सारखी केली. "बघलंस?" ते सरपंचांना म्हणाले. "गाऱ्हाणा पोचला."

मग गवंड्याच्या मुलीनं तो जुना नकाशा धरला. "युवर कंट्री, नॉट हियर," ती गुलाबी रंगावर हात फिरवत म्हणाली. मग खाली आली. "अवर स्टेट, नॉट हियर." तिकडं एकच हशा. त्यांनी कागदाचा कपटा वर धरला, त्यावर त्यांच्या देशाचा आकार काढून कापलेला. आमच्या पोरांनी तसाच काढला, कापला आणि नकाशावर डकवला. गोव्यासाठी मात्र वेगळा रंग कुठला, ह्यावर वाद झाला आणि शेवटी बायकोच्या सुपातलं एक अबोलीचं फूल डिंकानं चिकटवलं. ते अजून आहे, वाळून काळपट झालेलं. गोवा सध्या त्याच रंगाचा आहे.

त्यानंतर गुरुवार चालूच राहिले. कधी तारवट्यानं दोरीच्या गाठी दाखवल्या, कधी पोरांनी काजूची बी भाजून दाखवली आणि वर्गभर धूर केला. तिकडच्यांनी लोकरीत कागदी फुलं गुंफून पाठवलेला फोटो आला. गाठ मात्र बायकोचीच. म्हातारी हरमल सोडून गेली ती त्या वर्गात दिसली, स्वेटर घालून, आम्हाला हात हलवत. ह्या वेळी ती खरोखरच नमस्कार करत होती.

पण घरात बसचा विषय कुणी काढला नाही. एप्रिल गेला, मे आला. घाबरट माणसाला एक समजतं, उत्तर वाईट असेल तर ते जितकं उशिरा येईल तितकं बरं.

जूनमधल्या शाळेच्या पहिल्या सकाळी मी न्हाऊन, कपडे करून, ओट्यावर उगाच छत्री झटकत उभा होतो. आत बायको मुलीची वेणी घालत होती. वळणावर पिवळी बस आली. थांबली. टायवाली पोरं चढली. भोंगा वाजला. आत वेणी चालूच. बस सुटली, झाडाआड गेली, तिचा आवाजही गेला.

"बस गेली," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण जरा चिरका.

"जावंदी," बायको आतून म्हणाली. "आमका खय जावचा हा तेतूर?" आणि मुलीच्या वेणीत फाती माळून तिला बाहेर ढकललं, "धाव, घंटा जातली."

मी छत्री परत मिटली. पाऊस नव्हताच. मला एकदम भूक लागली. सकाळी दोन भाकऱ्या खाल्लेल्या असताना. शाळेच्या रस्त्यानं गेलो तर बाई दारातच. त्यांनी पहिलीच्या वर्गाकडे बोट केलं. गवंड्याचा धाकटा, सलूनवाल्याचा मुलगा, अजून काही रडकी तोंडं आणि त्यांत एक असं, ज्याचा मोठा भाऊ त्या सकाळी टाय बांधून बसमध्ये चढलेला मी स्वतः बघितला होता. शाळा हलत नव्हती.

आता शेवटचं सांगतो. त्या वर्षीच्या पालक-शिक्षक संघाच्या सभेला मी सगळ्यांच्या आधी पोचलो. नीट बघितलं आणि पोरांच्या बाकावर, भिंतीच्या कडेला, गुडघे दुमडून बसलो. लोक येत गेले, बाक भरत गेले. फळ्याखालच्या खुर्चीकडे कुणी फिरकलं नाही. गावाला आता ती खुर्ची ठाऊक झाली होती. सभा सुरू व्हायच्या बेतात असताना बायको धावत आली, पदराला हात पुसत. उत्सवाच्या फाती करायला बसली होती, वेळेचं भान राहिलं नव्हतं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एकच जागा रिकामी. बसली.

इतक्या मनापासून टाळ्या मी आयुष्यात कधी वाजवल्या नसतील.

तिला उमगायला क्षणभर लागला. मग तिनं सगळ्या बाकांवरून नजर फिरवत मला हुडकून काढलं.

"तुमी ह्याच्याचसाठी लवकर इलास?"

"होय महाराजा," मी म्हणालो.